लोपामुद्रा या नावाचा अर्थ काय आणि मुलीला ते ठेवावे का?

आपण विचारले आहे की, लोपामुद्रा या नावाचा नेमका अर्थ काय, ते कोठून आले, महाराष्ट्रात ते कितपत प्रचारात आहे आणि त्यात 'लोप' असल्यामुळे घरातील वडीलधारी मंडळी त्याला अशुभ म्हणतात त्यात तथ्य आहे का. संस्कृत शिकवत असल्यामुळे हे नाव माझ्या नेहमीच्या वाचनातले आहे, आणि ते मला अत्यंत प्रिय आहे. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

या नावाची व्युत्पत्ती निर्विवाद नाही. परंपरेत सर्वाधिक सांगितला जाणारा अर्थ अगस्त्य ऋषींची पत्नी लोपामुद्रा हिच्या जन्मकथेतून आलेला आहे. अगस्त्य ऋषींनी निरनिराळ्या प्राण्यांचे सर्वांत सुंदर अवयव घेऊन एक कन्या निर्माण केली, आणि तिच्यापुढे त्या प्राण्यांच्या सौंदर्याची मुद्रा, म्हणजे त्यांची खास खूण, लोप पावली. म्हणून ती लोपामुद्रा. इतर स्त्रियांचा रूपाचा अभिमान लोपवणारी, असेही स्पष्टीकरण दिले जाते. ही दोन्ही स्पष्टीकरणे नाव रूढ झाल्यानंतर केलेली दिसतात, कारण महाभारतात द्विजांनी तिचे नाव लोपामुद्रा ठेवले एवढेच म्हटले आहे, ते का ठेवले हे सांगितलेले नाही. तरीही आपल्या घरच्या शंकेला उत्तर द्यायला ती पुरेशी आहेत, कारण दोन्हींमध्ये लोप होतो तो दुसऱ्यांच्या सौंदर्याचा किंवा गर्वाचा, हे नाव धारण करणारीचा नव्हे. नावांच्या पुस्तकांत मात्र 'विदुषी' किंवा 'अगस्त्यांची पत्नी' असा एका शब्दाचा अर्थ देऊन विषय संपवलेला असतो, आणि त्यात या नावाचे खरे मोल हरवते.

ते मोल कळण्यासाठी ऋग्वेदाकडे जावे लागते. पहिल्या मंडलातील 179वे सूक्त अवघ्या सहा ऋचांचे आहे आणि ते संवादाच्या रूपात आहे. परंपरेने त्यातील पहिल्या दोन ऋचा लोपामुद्रेच्या, पुढील दोन अगस्त्यांच्या आणि शेवटच्या दोन त्यांच्या शिष्याच्या मानल्या आहेत. संवादाची सुरुवात ती करते. 'पूर्वीरहं शरदः शश्रमाणा' हे तिचे पहिले शब्द आहेत: कित्येक शरद ऋतू मी रात्रंदिवस कष्टत आले, वार्धक्य जवळ आणणाऱ्या पहाटा पाहत आले, आणि म्हातारपण देहाची शोभा हिरावून नेते. पुढच्या ऋचेत ती म्हणते की, देवांशी सत्य बोलणारे जे जुने ऋतपालक, म्हणजे सृष्टीचा सत्यनियम पाळणारे, होते त्यांनाही तपाचा अंत गाठता आला नाही, तेव्हा पतिपत्नींनी एकत्र यावे. त्यावर अगस्त्य म्हणतात की, ज्या श्रमांना देवांचे साहाय्य असते ते व्यर्थ जात नाहीत, आणि आपण दोघे मिळून ही स्पर्धा जिंकू. चौथ्या ऋचेत तिचे नाव प्रत्यक्ष येते. अखेरच्या ऋचेत अगस्त्यांनी 'उभौ वर्णौ', म्हणजे दोन्ही वर्णांचे, पोषण केले असे म्हटले आहे, आणि वेदांचे भाष्यकार सायणाचार्य यांनी तेथे काम आणि तप असा अर्थ लावला आहे. एका पत्नीने संसाराचा हक्क शब्दांत मांडावा, तिचे म्हणणे मान्य व्हावे आणि तिचे शब्द मंत्र म्हणून जपले जावेत, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. ऋग्वेदातील देवतांविषयीच्या 'बृहद्देवता' या ग्रंथात ब्रह्मवादिनींची, म्हणजे मंत्र रचणाऱ्या स्त्रियांची, जी यादी आहे तीत घोषा, विश्ववारा, अपाला यांच्याबरोबर लोपामुद्रेचेही नाव आहे.

महाभारताच्या वनपर्वात लोमश ऋषी तिची कथा युधिष्ठिराला सांगतात, आणि येथे तिचा आपल्या भूमीशी संबंध येतो. अगस्त्यांनी निर्माण केलेली ती कन्या अपत्यासाठी तप करणाऱ्या विदर्भराजाला दिली आणि ती त्याच्या घरी वाढली. ती उपवर झाल्यावर ऋषींनी तिला मागणी घातली. तेव्हा लेक तपस्व्याला द्यायची राजाची इच्छा नव्हती आणि नकार दिला तर शापाचे भय होते. या पेचातून तिनेच वाट काढली. मला अगस्त्यांना द्या आणि स्वतःचे रक्षण करा, असे तिने वडिलांना सांगितले. विवाहानंतर पतीच्या सांगण्यावरून तिने उंची वस्त्रे व अलंकार उतरवून वल्कले नेसली आणि गंगाद्वारी त्यांच्याबरोबर तप केले. पण सहवासाची वेळ आली तेव्हा तिने आपली अट स्पष्टपणे ठेवली: माझ्या वडिलांच्या वाड्यात होती तशी शय्या हवी, तुम्ही माळा व भूषणे धारण करावीत, मीही अलंकार घालीन, या तापसी वस्त्रांत मी जवळ येणार नाही. आणि हे सर्व तपाचा व्यय न करता मिळवावे, हेही तिने बजावले.

अगस्त्य मग धन मागायला श्रुतर्वा, ब्रध्नश्व आणि त्रसदस्यू या राजांकडे गेले. तिघांचाही जमाखर्च सारखा निघाला, आणि त्यातून काही घेतले तर प्रजेला त्रास होईल म्हणून त्यांनी काहीच घेतले नाही. शेवटी ते इल्वल दैत्याकडे पोहोचले. इल्वलाने आपला भाऊ वातापी मेंढ्याच्या रूपात शिजवून वाढला आणि अगस्त्यांनी तो पचवला, हा भाग सर्वपरिचित आहे. आपल्याकडे जेवणानंतर पोटावर हात फिरवून 'अगस्त्यं कुम्भकर्णं च' म्हणण्याची पद्धत अनेक घरांत होती. ज्या प्रसंगाचे स्मरण त्या श्लोकात आहे तो लोपामुद्रेच्या मागणीमुळे घडला, हे मात्र म्हणणाऱ्यांच्या फारसे ध्यानात नसते. पुढे अगस्त्यांनी तिला हजार पुत्र हवेत की हजारांना जिंकणारा एकच, असे विचारले तेव्हा तिने एकच गुणी पुत्र मागितला, आणि दृढस्यू जन्मला.

हे नाव यानंतरही सतत भेटत राहते. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात अगस्त्यांच्या नावांना लागूनच 'लोपामुद्रा सधर्मिणी' असा तिचा उल्लेख आहे. ललितासहस्रनामात देवीला 'लोपामुद्रार्चिता', म्हणजे लोपामुद्रेने पूजिलेली, म्हटले आहे, आणि श्रीविद्येच्या, म्हणजे ललितादेवीच्या मंत्रोपासनेच्या, परंपरेतील हादी विद्या हा मंत्र तिच्याच नावाने ओळखला जातो. कर्नाटकातील कोडगू भागात तिचे आणि कावेरी नदीचे ऐक्य मानणारी कथा आहे.

इतके असूनही विदर्भाच्या या कन्येचे नाव महाराष्ट्रात दुर्मीळच राहिले. विदर्भाचीच रुक्मिणी मराठी घराघरांत रखुमाई झाली, रखमा झाली, आणि आषाढीला कौंडिण्यपुराहून तिची पालखी आजही पंढरपूरला जाते. अगस्त्यांचेही अकोले येथे आश्रमस्थान आहे आणि तेथील साखर कारखान्यालाही अगस्तींचे नाव आहे. लोपामुद्रेला असे लोकदैवताचे स्थान येथे मिळाले नाही, आणि पूर्वी आपल्याकडे मुलींची नावे मुख्यतः देवी, नद्या आणि आज्या यांच्यावरून ठेवली जात. उपनिषदांतील गार्गी आणि मैत्रेयी ही नावे शिकलेल्या घरांनी पुढे आपलीशी केली. लोपामुद्रा मागे राहिली त्याला नावाची लांबी आणि 'लोप' ऐकताच मनात येणारी शंका ही कारणे असावीत. तिच्या सूक्ताचा विषय शृंगाराचा आहे, हेही एक कारण असावे असे मला वाटते. बंगाल आणि ओडिशात मात्र हे नाव अधिक ऐकू येते. लोपामुद्रा मित्र या बंगाली गायिका प्रसिद्ध आहेत. आपल्याकडे 2016 च्या सुमारास ते अनेकांच्या कानांवर पडले ते नागपूरच्या लोपामुद्रा राऊत यांच्यामुळे. सौंदर्यस्पर्धांमधून आणि हिंदी 'बिग बॉस'च्या दहाव्या पर्वातून त्या घरोघरी पोहोचल्या. विदर्भाच्याच लेकीकडे हे नाव असावे, याचा मला तेव्हा मनापासून आनंद झाला होता.

आता व्यवहाराच्या गोष्टी. नावरस पाहत असाल तर 'लो' हे भरणी नक्षत्राच्या चौथ्या चरणाचे अक्षर आहे आणि रास मेष येते. घरात हाक मारायला लोपा आणि मुद्रा ही दोन्ही रूपे सोपी आहेत. लोपाबद्दल आजीआजोबांच्या मनात किंतु असेल तर मुद्रा घ्यावे. रोमन लिपीत ऱ्हस्व 'अ' आणि दीर्घ 'आ' एकाच अक्षराने लिहिले जात असल्यामुळे लोक 'लोपमुद्रा' असे वाचतात आणि पुढे शाळेच्या दाखल्यावरही तसेच उतरते. यासाठी जन्मदाखल्यावर देवनागरीतील नोंद पहिल्याच वेळी स्वतः वाचून तपासावी, 'पा'चा काना आहे ना ते पाहावे, आणि मगच दाखला घेऊन घरी यावे.