ऑनलाइन रोलप्लेमध्ये निम्म्यांना मारामारी हवी, निम्म्यांना पात्रात शिरून गप्पा. मेळ कसा घालायचा?

कथेत कुणासाठी न थांबणारं एक संकट आणून सोडा आणि गप्पा हव्या तितक्या चालू द्या. भांडण बरंचसं मिटतं. नाशिकच्या आमच्या डिस्कॉर्ड ग्रुपचा खेळ मी चालवतो, त्यावरून सांगतो. प्रसंग सराफ बाजारातला, गोदावरीला पूर. पाणी दुतोंड्या मारुतीच्या (नदीपात्रातली मूर्ती, पूर तिच्यावरून मोजतात) गुडघ्याला, मग कमरेला, मग छातीला. दर टप्प्याला एक दुकान पाण्यात. सराफ आणि त्याचा रुसलेला भाऊ तिजोरीपुढे बसून उणीदुणी काढोत बापडे, त्यांना कुणी अडवत नाही. अ‍ॅक्शनवाल्यांना तोवर दोर, होडी, चोर, सगळं मिळतं.

खरा घोळ वेळेचा असतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्ले खेळात (पाचवी आवृत्ती) लढाईची एक फेरी म्हणजे कथेतले सुमारे ६ सेकंद. १० फेऱ्यांची चकमक कथेत मिनिटभराची, पण खेळायला सहज तास जातो, आणि बोलकी पात्रं तोवर जांभया देतात. म्हणून चकमक ३-४ फेऱ्यांत आटपा, वार करताना पात्राच्या तोंडचं एखादं वाक्य येऊ द्या. नियमांवरची हुज्जत वेगळ्या चॅनेलवर, नाहीतर रंगाचा बेरंग.

मात्र हे गेममास्टर (कथा चालवणारा) असलेल्या ५-६ जणांच्या खेळापुरतं. जीटीए या व्हिडिओ गेमच्या फाइव्हएम सर्व्हरवर (तिथे बरेच जण एकत्र रोलप्ले करतात) प्रसंग कुणा एकाच्या हातात नसतो. तिथे ‘कथेत कारण नसताना मारायचं नाही’ हा नियम बहुतेक ठिकाणी असतोच; अ‍ॅडमिनने तो खरोखर पाळायला लावला, तरच बोलणारे टिकतात.