बीपी वाढण्यात मेंदूचा खरंच हात असतो, की उगाच सगळं टेन्शनवर ढकलतात?

हात असतो, आणि चांगलाच असतो. पण टेन्शन हा त्यातला लहानसा भाग.

आडवं असताना झटकन उभं राहिलं की अर्धा लिटरभर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. तरी सहसा चक्कर येत नाही, कारण काही ठोक्यांतच मेंदूने दुरुस्ती केलेली असते. मानेतल्या कॅरोटिड धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत ताण ओळखणारी चेतातंतूंची टोकं असतात. त्यांची खबर मेंदूच्या तळाशी, मेडुलात पोचते. दाब पडला तर तिथून सिंपथेटिक नसांना, म्हणजे शरीराला धावपळीसाठी सज्ज करणाऱ्या नसांना, हुकूम सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय वेग घेतं. दाब चढला तर व्हेगस नस हृदयाला लगाम घालते.

एवढी चोख व्यवस्था असताना बीपी चढून बसतंच कसं? मी विद्यार्थ्यांना हा विषय शिकवतो तेव्हा खरी मजा इथेच येते. दाब काही दिवस चढाच राहिला की ही यंत्रणा त्यालाच नॉर्मल धरते आणि इमानेइतबारे त्या चढ्या आकड्याची राखण करते! 1973 साली संशोधक काउली आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांमध्ये खबर देणाऱ्या या नसा तोडून पाहिल्या. दाब दिवसभर वरखाली उसळत राहिला, पण 24 तासांची सरासरी फारशी बदलली नाही. म्हणजे सरासरी ठरवण्यात मीठ-पाणी सांभाळणाऱ्या मूत्रपिंडांचा वाटा मोठा. मात्र त्यांनाही सिंपथेटिक नसा जातात. त्या चेतवल्या की रेनिन, म्हणजे मूत्रपिंडातून सुटणारं दाब वाढवणारं रसायन, वाढतं, मीठ शरीरात अडकतं. त्यामुळे दोष एकट्या मेंदूचा की एकट्या मूत्रपिंडाचा, हा वाद मला निरर्थक वाटतो.

क्लोनिडिन आणि मिथाइलडोपा ही औषधं थेट मेंदूवर काम करून दाब उतरवतात. त्यांनी गुंगी येते, तोंड कोरडं पडतं, म्हणून आता ती पहिल्या पसंतीची नाहीत. गरोदरपणात मात्र मिथाइलडोपा अजून देतात. क्लोनिडिन मनानेच एकदम बंद केलं तर दाब धोकादायकपणे उसळू शकतो.

आता टेन्शन. राग, भीती, अगदी डॉक्टरांसमोर बसणं यानेही आकडा वाढतो, पण बहुधा तेवढ्यापुरता. त्यापेक्षा झोपेत श्वास अडकणं, म्हणजे स्लीप अॅप्निया, मला जास्त काळजीचं वाटतं. ऑक्सिजन घटला की मेंदू दर वेळी सिंपथेटिक नसांना डिवचतो, आणि ती उत्तेजना दिवसाही टिकते. औषधं घेऊनही बीपी आटोक्यात येत नसेल आणि तुम्ही जोरात घोरत असाल, तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.