ओहोटी लागली की शर्यत
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

मुलगी डब्लिनला शिकते. सप्टेंबरात आम्ही दोघं तिच्याकडे जाणार आहोत. जवळच लेटाउनला समुद्राच्या वाळूवर घोड्यांच्या शर्यती होतात म्हणे. कायमचं रेसकोर्स नसताना हे जमवतात कसं? आणि जायचं कसं? — इंदिरानगर, नाशिक

लेटाउन हे मीथ काउंटीतलं किनाऱ्यावरचं गाव. इथली शर्यत वर्षातून एकदाच, साधारण सप्टेंबरात होते. विमानाचं तिकीट काढण्याआधी आयर्लंडच्या रेसिंग मंडळाचं त्या वर्षाचं वेळापत्रक पाहा. तारीख माणसांच्या नाही, समुद्राच्या सोयीने ठरते.

सुरुवातीची नोंद 1868 ची. तेव्हा बॉइन नदीच्या मुखाशी होड्यांच्या शर्यती होत. भरती असली की होड्या आणि ओहोटी लागली की रिकाम्या वाळूवर घोडे, असा तो बेत होता. होड्या मागे पडल्या, घोडे राहिले.

आता तारखेचं गणित. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असतं. भरती जितकी वर चढते तितकीच ओहोटीही खोल जाते आणि रुंद वाळू उघडी पडते. या किनाऱ्यावर उधाणाची भरती दुपारी बारा-एकच्या आसपास असते, म्हणजे पाणी सर्वांत मागे जातं ते संध्याकाळी सहा-सातला. शर्यती दुपार कलल्यावर ठेवतात त्या म्हणून. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या (म्हणजे भरती-ओहोटीचा फरक कमी असणाऱ्या) दिवसांत, ओहोटी भर दुपारी येते आणि पाणी फारसं मागे हटत नाही. तेव्हा ट्रॅकला जागाच कमी पडते. कोकणातले कोळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात (द्वितीयेला दीड, अष्टमीला सहा). योगायोग असा की डब्लिनच्या किनाऱ्यावर, तिथल्या उन्हाळी घड्याळाप्रमाणे, हाच हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरून लागू पडतो. पंचांग सोबत न्यायला हरकत नाही.

पाणी हटू लागलं की मगच माणसं वाळूवर उतरतात, वाळू सारखी करतात, कडेचे खांब नि दोऱ्या लावतात. हे सगळं काही तासांत उरकायचं आणि रात्रीच्या भरतीआधी उचलायचं. वजनकाटा, पॅडॉक (शर्यतीआधी घोडे फिरवायचं आवार), बुकी, चहापाण्याचे तंबू हे मात्र किनाऱ्यालगतच्या उंचावरच्या तीनेक एकर शेतात असतं. वाळूच्या टेकाडात कोरलेल्या पायऱ्या हीच गॅलरी.

पूर्वी इथे इंग्रजी यू अक्षरासारखं वळण घेऊन लांब पल्ल्याच्या शर्यती होत. 1994 च्या अपघातानंतर वळण गेलं. आता शर्यत सरळ रेषेत, सहा किंवा सात फर्लांगांची, आणि घोडे जास्तीत जास्त दहा. फर्लांग म्हणजे 201 मीटर. सात फर्लांग म्हणजे सुमारे 1,400 मीटर. सव्वा-दीड मिनिटात खेळ खलास.

डब्लिनच्या कॉनॉली स्टेशनवरून ड्रॉहेडाच्या दिशेची लोकल धरा आणि लेटाउन स्टेशनला उतरा. पाऊण तासाच्या आसपासचा प्रवास आहे, समुद्र स्टेशनपासून चालत जवळ. पहिल्या शर्यतीच्या दीड तास आधी पोहोचा, म्हणजे वाळूवरची मांडामांड पाहायला मिळेल. आमच्या मते शर्यतीपेक्षा तीच बघण्यासारखी. सप्टेंबरातली तिथली संध्याकाळ आपल्या डिसेंबरच्या पहाटेसारखी समजा, वर समुद्रवारा. छत्री उलटते, टोपीचं जॅकेट घ्या.

लेटाउनला जायला ब्रिटनचा किंवा शेंगेन व्हिसा चालतो का? — कॉलेज रोड

आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, तेव्हा शेंगेन व्हिसा चालत नाही. ब्रिटनचा व्हिसा नुसता असून भागत नाही. भारतीयांसाठीच्या ब्रिटिश-आयरिश योजनेचा बीआयव्हीएस हा शेरा त्यावर लागतो. नाहीतर आयर्लंडचा अल्पमुदतीचा व्हिसा वेगळा काढावा. शेंगेन व्हिसा हातात असेल तर स्पेनमधलं सानलूकार दे बारामेदा पाहा. ग्वादलकिवीर नदीच्या मुखाशी, 1845 पासून, ऑगस्टमध्ये तीन-तीन दिवसांच्या दोन फेऱ्यांत ओहोटीच्या वेळी शर्यती होतात. गर्दी लेटाउनपेक्षा कितीतरी मोठी, आणि वाळूवर उभं राहून पाहणं फुकट.

गंमत म्हणून पाच-दहा युरो लावायचे तर कसे? घोडा कसा निवडावा? — गंगापूर रोड

नवख्याने ‘ईच वे’ समजून घ्यावं, कारण फसगत तिथेच होते. पाच युरो ईच वे म्हटलं की दहा युरो जातात: पाच पहिल्या नंबरावर, पाच ‘प्लेस’वर. आठ किंवा जास्त घोडे धावले तर साधारणपणे पहिले तीन प्लेसमध्ये धरतात आणि प्लेसला भावाचा एक पंचमांश मिळतो. समजा भाव दहास एक आहे, म्हणजे लावलेल्या एका युरोवर दहा. घोडा तिसरा आला तर विनचे पाच बुडाले, प्लेसला दोनास एक भावाने दहा आणि मूळचे पाच, असे पंधरा परत. पहिला आला तर 55 आणि 15, एकूण 70.

आता खोच. कार्डावर आठ घोडे आहेत आणि आयत्या वेळी एक निघाला, तर सात उरतात. मग प्लेस दोनच, भाव एक चतुर्थांश. तिसऱ्या घोड्याचं तिकीट कचऱ्यात. दहाच घोड्यांच्या मैदानात हे वरचेवर घडू शकतं, म्हणून पैसे देण्याआधी फलकावरची संख्या पुन्हा मोजा. तिकिटावर घोड्याचा नंबर, रक्कम नि भाव तिथेच उभं राहून वाचा. आणि नाशिकला परतल्यावर मोबाइलवरून परदेशी साइटवर हाच खेळ चालू ठेवू नका. ते आपल्या कायद्यात बसत नाही.

घोडा निवडताना गवतावरची कामगिरी अर्धीच धरा. वाळूवर मागच्या घोड्याच्या तोंडावर ओल्या वाळूचा मारा बसतो. जॉकी एकावर एक तीन-चार गॉगल चढवतात आणि वरचा माखला की गळ्यात ओढून घेतात. घोड्याला ती सोय नाही. ज्याला मारा सोसवत नाही तो मान वर करतो आणि मागे पडतो. त्यामुळे सुटल्यापासून पुढे राहणारा घोडा पाहावा. पॅडॉकमध्ये मागच्या मांड्यांच्या मधे साबणासारखा फेस दिसतोय, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, घोडा तिरका चालतोय, तर तो ताकद तिथेच खर्चतोय. लाटेच्या चकाकीला बुजणारे घोडेही असतात, म्हणून खाली वाळूकडे नेतानाची त्याची चाल पाहून मगच ठरवा.

येवल्याच्या मंगळवारच्या बाजारातून मारवाडी घोडा घेतला आहे. डहाणू-बोर्डीच्या किनाऱ्यावर नेऊन पळवावा असं मनात आहे. काय काळजी घ्यावी? — निफाड

आधी पशुवैद्याकडून आरोग्य प्रमाणपत्र आणि धनुर्वाताची लस. शिंपल्याने खूर-टाचेला चीर पडणं ही किनाऱ्यावरची नेहमीची गोष्ट, आणि धनुर्वात घोड्याला फार लवकर होतो. ग्रामपंचायतीला नि पोलिसांना विचारून सकाळची, माणसं नसलेली वेळ घ्या. त्र्यंबक-जव्हारचा घाट ट्रकमध्ये उभ्याने काढल्यावर त्याच दिवशी पळवू नका. एक दिवस विश्रांती द्या.

मुख्य प्रश्न वाळूचा. वरची कोरडी भुसभुशीत वाळू टाळायची. तिथे टाच रुतते, नळीमागची शीर (म्हणजे कंडरा) दर टापेला जास्त ताणली जाते आणि नडगीच्या मागे सूज येते. ती शीर एकदा फाटली की महिन्यांची निश्चिंती. पाण्याला अगदी लागून जी चिप्प वाळू असते तीही नको, ती पायाखाली सरकते. मधला पट्टा धरा, जिथून पाणी नुकतंच गेलंय पण वाळू ओलसर आहे. ओलाव्याने कण एकमेकांना धरून ठेवतात. ओळखायची सोपी रीत: टाच जोरात मारा. ठसा बोटभर खोल आणि कडा शाबूत, तर ठीक. ठशात पाणी भरलं तर थोडं वर सरका, कडा ढासळल्या तर खाली. वाळूवर लाटांच्या घट्ट वळ्या उठल्या असतील तिथे फक्त चालवा, खूर वाकडा पडतो.

पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं नुसती चाल. चार-पाच दिवसांनी दुडकी. दौड त्यानंतर, तीही दोन-तीनशे मीटर, आणि आधी तो पट्टा स्वतः चालून खड्डे, दोर, जाळ्यांचे तुकडे पाहून. भरती लागल्यावर कधीच नाही. परतीची वाट मागून बुडते.

बाहेर आल्यावर पाय, पोट नि तंगाची जागा गोड्या पाण्याने धुवा, खुराच्या मागची खाच कोरडी पुसा. मीठ राहिलं की तिथे भेगा पडतात. समुद्राचं पाणी पिऊ देऊ नका, निघण्याआधी बादलीभर गोडं पाजून न्या. चारा वाळूवर टाकू नका, ताडपत्रीवर द्या. चाऱ्याबरोबर पोटात गेलेली वाळू आतड्यात साचून पोटशूळ उठतो. घोडा पाय आपटतोय, कुशीकडे वळून पाहतोय, लीद थांबली, तर घरगुती काढा न करता लगेच डॉक्टर बोलवा.

परदेश राहू द्या. नाशिकहून एका दिवसात शर्यत पाहून परतता येईल का? — नाशिकरोड

येईल. महालक्ष्मीचं रेसकोर्स 1883 चं, हाजी अलीच्या समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. मुंबईचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. 2,400 मीटरची इंडियन डर्बी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी. पावसाळ्यात घोडे पुण्याला असतात. सकाळची पंचवटी एक्सप्रेस धरा, दादरला उतरा, पश्चिम रेल्वेची स्लो लोकल घेऊन महालक्ष्मी. परतीची पंचवटी सीएसएमटीहून सव्वासहाच्या सुमारास सुटते, तेव्हा शेवटच्या एक-दोन शर्यती सोडाव्या लागतील. डर्बीच्या दिवशी मात्र ती गाडी विसरा आणि रात्रीच्या गाडीचं आरक्षण आधीच करून ठेवा.