डू-वॉप गाणारे ग्रुप एका गाण्यावर गाजून लगेच गायब का व्हायचे?

सगळ्यांचं माहीत नाही, पण मला ज्यांच्यामुळे या गाण्यांचा नाद लागला त्या पेंग्विन्सचं सांगतो.

डू-वॉपमध्ये वाद्यं जेमतेम, काम सगळं गळ्यांचं. एक जण गाणार, बाकीचे मागे ‘ऊऽ वाऽ’ करत सूर भरणार, खर्जातला एक जण तळ सांभाळणार. तालमीला पैसा लागत नाही, रस्त्याचा कोपरा पुरतो. पेंग्विन्स म्हणजे लॉस एंजेलिसमधली अशीच चार कृष्णवर्णीय पोरं. नाव उचललं कूल सिगारेटच्या जाहिरातीतल्या पेंग्विनवरून!

१९५४ साली ‘अर्थ एंजल’ रेकॉर्ड झालं ते एका घराच्या गॅरेजमध्ये. ड्रमच्या आवाजात गळे बुडू नयेत म्हणून त्यात उश्या कोंबलेल्या. शेजारचा कुत्रा भुंकला की टेक बाद, पुन्हा पहिल्यापासून. डूटोन या छोट्या कंपनीने ते रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलं, पण रेडिओवाल्यांनी तीच बाजू वाजवली. कृष्णवर्णीयांच्या आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत गाणं पहिलं आलं, पॉपच्या यादीत आठवं. तेच गाणं क्रू-कट्स या गोऱ्या कॅनेडियन चौकडीने म्हटलं आणि तिसऱ्या नंबरवर नेलं. त्यांची कंपनी मर्क्युरी.

इकडे पोरांना डूटोनकडून पैसे सुटेनात. त्यांनी बक रॅमला मॅनेजर केलं आणि रॅमने त्यांना नेलं कुठे, तर त्याच मर्क्युरीकडे. वर अट घातली: पेंग्विन्स हवे असतील तर माझा दुसरा ग्रुपही घ्या. हा दुसरा ग्रुप म्हणजे प्लॅटर्स. १९५५ मध्ये त्यांचं ‘ओन्ली यू’ आलं, पुढच्या वर्षी ‘द ग्रेट प्रिटेंडर’ थेट पहिल्या नंबरवर. किलोभर भाजीवर फुकट मिळालेल्या कोथिंबिरीनेच भाव खाल्ला म्हणा ना.

मग पेंग्विन्सकडे बघायला कोणाला वेळ? मर्क्युरी झालं, अटलांटिक ही दुसरी कंपनी झाली, फिरून डूटोनच्याच मालकाकडे आले. पॉपच्या यादीत पुन्हा तसं काही जमलं नाही. शिवाय ‘अर्थ एंजल’ नेमकं लिहिलं कोणी, यावरून कोर्टकचेरी झाली ती वेगळीच. आवाज कमी पडला म्हणून ते मागे पडले, हे मला तरी पटत नाही. पेंग्विन्सचा मुख्य गायक क्लीव्हलंड डंकन, त्याचा तो किंचित थरथरता गळा क्रू-कट्सच्या चकचकीत रेकॉर्डमध्ये शोधूनही सापडत नाही.

एकदा हेडफोन लावून मूळ रेकॉर्ड ऐका. पियानो सुरू झाला की मागचा ड्रम बसका, घुसमटल्यासारखा वाटेल. त्या उश्या.