अर्ज तुमचा, पत्र कोणाचं? ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या पदवीबद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या टपालात ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या, म्हणजे थिऑलॉजीच्या पदवीबद्दल पाच पत्रं आली. पाचांचे रस्ते वेगळे आहेत. तरी एक गोष्ट सगळ्यांनीच आधी समजून घ्यावी. इंजिनिअरिंगचा फॉर्म भरावा तसा हा फॉर्म भरता येत नाही. सेमिनारी (पाद्री घडवणारी शाळा) असो वा बायबल कॉलेज, तुम्हाला 'पाठवणारं' कोणीतरी लागतं: धर्मप्रांत (बिशपांच्या अधिकारातला प्रदेश), पाद्रींचा एखादा संघ किंवा तुमची मंडळी. ते पत्र नसेल तर नव्वद टक्केही पडून राहतात.

मुलगा १२वीत आहे. त्याला पाद्री व्हायचंय. राशोलच्या सेमिनारीत अर्ज कसा करायचा? तिथली पदवी सरकारमान्य आहे का? आणि मध्येच सोडून आला तर काय? — एक आई, मडगाव

राशोलचा फॉर्म थेट कोणी घेऊन येत नाही. सुरुवात तुमच्या पाद्र-विगारापासून, म्हणजे पॅरिशच्या (स्थानिक चर्चच्या) मुख्य पाद्रींपासून होते. मुलगा मिसेला (चर्चमधल्या उपासनेला) येतो, चर्चच्या कामात दिसतो, हे त्यांनी स्वतः पाहिलेलं असावं लागतं, कारण त्याच्याविषयीचं गोपनीय पत्र तेच लिहितात. पुढे धर्मप्रांतात हे काम बघणारे फादर असतात. त्यांची शिबिरं, मुलाखती, घरची भेट आणि वैद्यकीय तपासणी होते. शिबिरं वर्षभर चालतात. निकाल लागल्यावर जागं होणाऱ्याचं एक वर्ष तिथेच जातं, म्हणून मुलगा ११वीत असतानाच विगारांशी बोलणं बरं. तुमचा १२वीत आहे, तर याच रविवारी बोला.

कागदांत बाप्तिस्मा आणि दृढीकरणाचे (कन्फर्मेशनचे) दाखले लागतातच. कॅनन कायद्याच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या, २४१व्या कलमात ते नोंदलेलं आहे. बाप्तिस्म्याचा दाखला कपाटातला जुना देऊ नका, पॅरिशमधून ताजा उतारा काढा. बाप्तिस्म्याच्या वहीत दृढीकरण, लग्न, दीक्षा अशा नंतरच्या नोंदी होत राहतात. सतरा वर्षांपूर्वीच्या कागदावर त्या असणार कुठून? त्याच कलमात आणखी एक अट आहे. मुलगा आधी दुसऱ्या सेमिनारीतून किंवा संघातून बाहेर पडला असेल, तर तिथल्या वरिष्ठांचं लेखी निवेदन लागतं. हे लपवून चालत नाही. दोन रेक्टरांमध्ये एक फोन झाला की सगळं कळतं, आणि मग नकार सोडण्याबद्दल नसतो, लपवण्याबद्दल असतो.

कालावधीचा अंदाज आधीच घ्या. सुरुवात साळगावच्या धाकट्या सेमिनारीत होते, तत्त्वज्ञान आणि थिऑलॉजी राशोलला. त्याच कायद्याच्या २५०व्या कलमाप्रमाणे दोन्ही मिळून किमान सहा पूर्ण वर्षं लागतात: निदान दोन तत्त्वज्ञानाची, चार थिऑलॉजीची. तयारीचं वर्ष आणि प्रत्यक्ष कामाचा काळ वेगळा. पुरोहित-दीक्षेचं किमान वय २५ आहे. शेजारणीच्या मुलाचं बी.कॉम. तीन वर्षांत झालं म्हणून तुलना करू नका.

आता सरकारमान्यतेचं. चर्चची पदवी, म्हणजे थिऑलॉजीतली बॅकलॉरिएट, रोमने अधिकार दिलेली विद्यापीठंच देऊ शकतात किंवा त्यांना संलग्न संस्था. ती पाच वर्षांची असते. दोन वर्षं तत्त्वज्ञान आधी झालं असेल तर तीन. आपल्याला जवळचं म्हणजे पुण्याचं ज्ञानदीप. १८९३ साली श्रीलंकेतल्या कँडीला सुरू झालेली ही संस्था १९५५ मध्ये पुण्यात आली. या पदवीला जगभरच्या चर्चमध्ये किंमत आहे. पण सरकारी नोकरीच्या अर्जात 'मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी' असं लिहिलेलं असतं, तिथे हिच्यावर विसंबू नका. भारतात पदवी देण्याचा अधिकार यूजीसी कायद्याच्या २२व्या कलमाने ठरतो.

म्हणून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यातच आहे. चार वर्षांनी मुलगा परत आला आणि बाजूने बी.ए. केलेलं नसेल, तर बाविसाव्या वर्षी त्याच्या हातात १२वीचंच प्रमाणपत्र राहील. इग्नूसारख्या दूरशिक्षणातून बी.ए. करता येतं, तशी मुभा आहे का, हे मुलाखतीत सरळ विचारा. असं विचारल्याने श्रद्धा कमी दिसते ही समजूत चुकीची आहे. इतकी वर्षं परस्परांना पारखण्यासाठीच ठेवलेली असतात, आणि त्या पारखण्यात काही जण परतणारच.

मी हिंदू आहे. १२वी कला शाखेत शिकते. क्रिस्तपुराण वाचायला घेतल्यापासून ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकावंसं वाटतं. धर्मांतर करायचं नाही. बी.टीएच.ला (बॅचलर ऑफ थिऑलॉजी) प्रवेश मिळेल का? — एक विद्यार्थिनी, डिचोली

बी.टीएच.चा आग्रह सोड. ती पदवी मुख्यतः पाळक आणि धर्मसेवक घडवण्यासाठी आहे. अर्जावर बाप्तिस्म्याची तारीख, मंडळीचं नाव, पाठवणाऱ्याची सही असे रकाने असतात आणि ते खोटे भरण्यात अर्थ नाही. तुला हवा आहे तो अभ्यास विद्यापीठांत वेगळ्या नावाने होतो. मद्रास विद्यापीठात ख्रिस्ती अध्ययनाचा विभाग आहे, म्हैसूर विद्यापीठातही आहे. दोन्हीकडे एम.ए. होतं, आणि ती राज्य विद्यापीठांची साधी पदवी असते. त्याआधी गोव्यातच मराठी किंवा इतिहास घेऊन बी.ए. कर.

खरं तर तुझ्यासाठी दुसरा रस्ता अधिक चांगला आहे. क्रिस्तपुराण मराठी ओवीत आहे. लिहिणारे थॉमस स्टीफन्स हे १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट, म्हणजे येशूसंघाचे. ग्रंथ १६१६ मध्ये राशोलला छापला गेला, तोही रोमी लिपीत. ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात मराठीचं एम.ए. आणि पुढे याच ग्रंथावर संशोधन, असं केलंस तर पदवीही सरळ मिळेल आणि विषयही हातचा जाणार नाही. त्यासाठी पोर्तुगीज आतापासून शीक. त्या काळातली चर्चची कागदपत्रं त्याच भाषेत आहेत, आणि वाचता न येणारा अभ्यासक दुसऱ्याच्या अनुवादावर जगतो. वाचताना शेजारी मराठी बायबल उघडं ठेव: ग्रंथातल्या पहिल्या पुराणाला जुना करार, दुसऱ्याला शुभवर्तमानं (येशूची चरित्रं). स्टीफन्सनी काय गाळलं आणि काय वाढवलं, हे वहीत लिहीत गेलीस तर बी.ए. होईपर्यंत शोधनिबंधाचा कच्चा माल तयार होईल.

आम्ही मूळ कोल्हापूरकडचे, प्रॉटेस्टंट मंडळीतले. मुलीला १२वीनंतर पाळक होण्याचं शिक्षण घ्यायचं आहे. बी.टीएच. करावं की बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी)? इंग्रजी बेताचं आहे. — एक वडील, वास्को

प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये सर्वांत जास्त चालतात त्या बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या पदव्या. कॉलेज १८१८चं, केरी, मार्शमन आणि वॉर्ड या मिशनऱ्यांचं. पदव्या देण्याची सनद डेन्मार्कच्या राजाने १८२७ मध्ये दिली आणि १९१८च्या कायद्याने तो अधिकार पक्का झाला. देशभरची कॉलेजं याच सेरामपूर सिनेटशी संलग्न आहेत. पुण्यात बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, जी १९८३ पर्यंत यवतमाळला होती. मराठी मंडळ्यांसाठीचं संयुक्त ईश्वरविज्ञान विद्यालयही पुण्यातच आहे.

बी.टीएच. १२वीनंतर होतं. बी.डी.साठी साधारणपणे आधी कुठलीतरी पदवी लागते. मुलगी आता १२वीत असेल आणि इंग्रजी कच्चं असेल, तर दोन पर्याय आहेत. मराठी माध्यम कुठे मिळतं ते पाहून बी.टीएच. करावं, नाहीतर गोव्यात आधी बी.ए. करून, इंग्रजी घासून मग बी.डी. करावं. आम्ही दुसऱ्याकडे झुकतो. बी.ए. झालेलं असलं की मंडळीत नेमणूक न मिळाल्यास बी.एड. करता येतं, आणि बी.डी.त ग्रीक किंवा हिब्रूचा भार येतो तेव्हा इंग्रजीशी झगडत बसावं लागत नाही.

एक प्रश्न मात्र अर्जाआधीच विचारा: तुमची मंडळी स्त्रियांना दीक्षा देते का? सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आणि मेथडिस्ट देतात. अनेक स्वतंत्र मंडळ्या देत नाहीत. पाळकांकडून शिफारसपत्र तर मिळतं, पण चार वर्षांनी 'रविवारची शाळा सांभाळ' असं ऐकायला लागतं. शिफारसपत्रात 'दीक्षेसाठी उमेदवार' असे शब्द आहेत की नुसतं 'चांगली मुलगी आहे' एवढंच, ते पाहा. फीचा काही भाग मंडळी उचलणार असेल तर तेही त्याच कागदावर हवं.

कॉलेजचं वर्ष जूनच्या सुमाराला सुरू होतं. डिसेंबरात प्रॉस्पेक्टस मागवा. प्रवेशपरीक्षेत बायबलची माहिती आणि भाषा तपासतात. वचनं पाठ असतात पण पुस्तकांचा क्रम आणि काळ माहीत नसतो, तिथे मुलं अडकतात. आमोस हा संदेष्टा आधीचा की यिर्मया, हे सांगता यायला हवं.

आणि जपून राहा: सहा महिन्यांत पदवी, वर्षात डॉक्टरेट अशा जाहिराती फिरत असतात. 'आंतरराष्ट्रीय मान्यता' या शब्दांना भुलू नका. पदवी कोणत्या कायद्याने किंवा कोणत्या विद्यापीठाच्या नावे देता, हे लेखी विचारा.

मुलगी इंग्लंडात थिऑलॉजीच्या बी.ए.साठी अर्ज करणार आहे. तिच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे, म्हणजे फी कमी पडेल ना? — एक वाचक, म्हापसा

नाही. २०२१च्या ऑगस्टपासून सुरू झालेल्या वर्गांना युरोपीय पासपोर्टवरची सवलत गेली. कुटुंब आधीपासून तिथे राहत असेल आणि सेटल्ड स्टेटस (तिथे कायम राहण्याचा हक्क) असेल तरच वेगळा विचार होतो. गोव्यातून जाणारीला परदेशी विद्यार्थ्याचीच फी लागेल. तोच पासपोर्ट पोर्तुगालमध्ये मात्र उपयोगी आहे: लिस्बनच्या कॅथलिक विद्यापीठात थिऑलॉजीची विद्याशाखा आहे. अर्थात शिक्षण पोर्तुगीजमधून.

इंग्लंडचे अर्ज यूकास या एकाच ठिकाणाहून जातात, जास्तीत जास्त पाच अभ्यासक्रमांना. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हींना एकाच वर्षी अर्ज करता येत नाही, आणि त्यांची मुदत १५ ऑक्टोबरला संपते: तिथले संध्याकाळचे सहा, आपले रात्रीचे साडेदहा. बाकीच्यांची मुदत जानेवारीत असते. स्कॉटलंडमध्ये हीच पदवी चार वर्षांची, म्हणजे एका वर्षाचा खर्च जास्त. गोवा मंडळाचे गुण थेट चालतात की आधी फाउंडेशन (पूर्वतयारीचं) वर्ष लागतं, हे प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं. मेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

इथले अर्ज अडकतात ते शिक्षकाच्या रेफरन्सपाशी. तो लेटरहेडवर देऊन चालत नाही, शिक्षकाने स्वतः ऑनलाइन भरायचा असतो आणि १२वीचे अपेक्षित गुणही लिहायचे असतात. आपल्या उच्च माध्यमिक शाळांना याची सवय नाही. सप्टेंबरमध्येच त्या शिक्षकांजवळ बसून त्यांचा मेल, स्पॅमसुद्धा, उघडून बघा. रेफरन्स नसेल तर अर्ज पुढे जातच नाही.

मग पर्सनल स्टेटमेंट. २०२६च्या प्रवेशांपासून ते तीन प्रश्नांत विभागलेलं आहे: हा विषय का, शिक्षणाने काय तयारी झाली, बाहेर काय केलं. तिन्ही मिळून ४,००० अक्षरं, मोकळ्या जागा धरून; प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचं. आपल्याकडची मुलं इथे साक्ष लिहितात: 'लहानपणापासून मी चर्चमध्ये गाते, येशूने माझं जीवन बदललं.' खरं असेलही, पण वाचणाऱ्या प्राध्यापकाला त्यावरून काहीच ठरवता येत नाही. तिथे श्रद्धा विचारत नाहीत. मजकूर कसा वाचता ते पाहतात.

योहानाच्या शुभवर्तमानाची पहिली ओळ घ्या. मराठी बायबलात 'प्रारंभी शब्द होता' असं आहे. मूळ ग्रीक शब्द 'लोगोस', ज्याचा अर्थ बोल, तर्क, हिशेब असा बराच पसरतो. मराठी वाचकाला 'शब्द' म्हटलं की शब्दब्रह्म आठवतं. इंग्रजी वाचकाला आठवत नाही. मग अनुवादाने अर्थ जोडला की तोडला? मुलीने यावर दहा ओळी नीट लिहिल्या तर तिचं स्टेटमेंट वेगळं उठून दिसेल, कारण लंडनच्या मुलाला हा प्रश्न सुचणार नाही. किंवा मार्कच्या शुभवर्तमानातलं १६:८: सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत शुभवर्तमान तिथेच संपतं, येशूच्या कबरीपासून घाबरून पळणाऱ्या बायकांवर. असा शेवट लेखकाने का केला असेल, यावर तिचं मत आणि त्याला कारण हवं. मुलाखत झाली तर हाच धागा ओढतात, म्हणून न वाचलेल्या पुस्तकांची नावं घालू नये. ग्रीक आधी यायची गरज नसते, तिथे पहिल्यापासून शिकवतात.

पासपोर्ट पोर्तुगीज असला तरी व्हिसा लागतोच. फी आणि राहण्याच्या खर्चाची रक्कम खात्यावर सलग २८ दिवस असावी लागते, आणि ते २८ दिवस संपल्यापासून ३१ दिवसांच्या आत अर्ज करायचा. मध्ये एक दिवस शिल्लक खाली गेली की मोजणी नव्याने सुरू. ठेव मोडून पैसे शेवटच्या आठवड्यात भरणारे इथे अडकतात.

बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक आडनाव, आधारवर दुसरं स्पेलिंग, जन्मदाखल्यावर तिसरंच. काय करावं? — एक वाचक, काणकोण

आधी जन्मदाखला. तो जुळवून घ्या, त्यावरून पासपोर्ट, मग बाकीचं. उलट क्रमाने गेलात तर प्रत्येक कचेरी दुसरीकडे बोट दाखवते. चर्चच्या वहीतली नोंद विगार आपल्या मर्जीने खोडत नाहीत. धर्मप्रांताच्या कचेरीच्या परवानगीने दुरुस्ती होते. त्याला वेळ लागतो, तेव्हा १२वीच्या परीक्षेआधीच अर्ज द्या. पालकांच्या खात्यावर व्हिसा मागणाऱ्यांनी मुलाच्या जन्मदाखल्यावरचं आईवडिलांचं नाव बँक पासबुकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावं. 'फर्नांडिस'चा एस आणि झेड हा तिथे वेगळा माणूस धरला जाऊ शकतो.