८ वर्षांच्या भाचीचा जबाब घ्यायचा आहे. तिला पोलीस ठाण्यात न्यावं लागेल का? आधी उत्तरं बसवून घेऊ का?

ठाण्यात न्यायची गरज नाही, आणि उत्तरं तर अजिबात बसवून घेऊ नका. पॉक्सो कायदा, २०१२ (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा) च्या कलम २४ प्रमाणे जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, साध्या कपड्यांतल्या अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. कलम २६ नुसार तिच्या विश्वासाचं माणूस जवळ बसतं. मी नागपुरात अशा मुलांसोबत आधारव्यक्ती म्हणून कोर्टात बसते. "काकाने हात लावला ना?" असं घरीच चौघांनी विचारलेलं असलं, की बचावाचा वकील "पोरीला पढवलंय" म्हणतो, आणि खरं बोलणारं लेकरू खोटं ठरायची वेळ येते. "काय झालं ते सांग", "मग?" एवढंच पुरे. ती गप्प झाली तर गप्प राहा. फ्रॉकचं टोक बोटाला गुंडाळत बराच वेळ बसलेली मुलं मग आपणहून बोलतात. तिचे शब्द जसेच्या तसे, तारखेसह लिहून ठेवा. मात्र जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यावा, याबाबत कायद्यात 'शक्यतो' असा शब्द आहे, म्हणून आधीच फोन करून मागणी करा. आरोपी त्याच घरात राहत असेल तर जबाब तिथे नको, आजीकडे वगैरे ठेवा.