मेजरसाहेबांवर लिहिताना

अनेक आशीर्वाद.

मसुदा मिळाला. वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी मेजरसाहेबांवर तूच लिहितो आहेस हे बरं झालं, त्यांच्या हाताखाली सुट्ट्यांमध्ये राबलेला दुसरा कुणी गावात उरलेला नाही. पण पहिल्याच परिच्छेदात तू त्यांना शिस्तप्रिय, कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ आणि जाज्वल्य देशभक्त करून टाकलं आहेस. पहिली दोन खरी. मनमिळाऊ ते अजिबात नव्हते, हे तुलाही ठाऊक आहे. आणि जाज्वल्य म्हटलेलं ऐकलं असतं तर त्यांनी तुला पुन्हा अंगणात पाऊल ठेवू दिलं नसतं. असली विशेषणं कुठल्याही निवृत्त फौजीच्या फोटोखाली चालतात. सगळी काढ.

मग लिहायचं काय? राम राघोबा राणे यांच्या परमवीर चक्राचं मानपत्र शोधून वाच. कारवारजवळच्या चेंडियाचे राणे १९४० मध्ये साधे जवान म्हणून भरती झाले आणि मेजर म्हणून निवृत्त झाले. मेजरसाहेबांसारखेच बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे रस्ते-पूल बांधणाऱ्या आणि सुरुंग काढणाऱ्या सैन्याच्या इंजिनिअर दलाचे. ते मानपत्र जवळजवळ कामाच्या डायरीसारखं आहे. ८ एप्रिल १९४८, जम्मू-काश्मीरमधला नौशेरा-राजौरी रस्ता. सकाळी ११ वाजता उखळी तोफांचा मारा सुरू झाला. सुरुंग काढणाऱ्या तुकडीतले दोघे गेले, राणे धरून पाच जखमी. उरलेल्यांची जुळवाजुळव करून त्यांनी काम सुरू केलं आणि संध्याकाळपासून रात्री १० पर्यंत, शत्रूच्या नजरेसमोर, रणगाड्यांसाठी वळणरस्ता काढत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ते दुपारी ३ पुन्हा तेच. पुढे रस्त्यावर चीडाची झाडं आडवी टाकलेली, ती उडवली. ३०० यार्डांवर परत झाडं, तीही उडवली. १२ एप्रिलला राजौरी हाती आली. सॅपरच्या कामाचा हिशेब असाच होतो: तो पुढे गेला, म्हणून मागून काय जाऊ शकलं?

मेजरसाहेबांचं सगळं आयुष्य तू याच एका प्रश्नाने बघ. फौजेतलंही आणि गावातलंही.

फौजेतल्या भागासाठी काकूंकडे लोखंडी पेटी आहे, ती मागायला संकोच करू नकोस. पदकांच्या फिती नीट ओळख. समर सेवा स्टार असेल तर १९६५ चं युद्ध, पश्चिमी स्टार असेल तर १९७१ ची पश्चिम आघाडी. 'दोन्ही युद्धांत पराक्रम गाजवला' हे तुझं वाक्य त्या पेटीतून सिद्ध झालं तरच ठेव. कागद अपुरे पडले तर काकूंना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज करू दे, ते खडकीच्या रेकॉर्ड ऑफिसला कुणाला आणि कसं लिहायचं ते सांगतील. सीमा सडक संघटनेतल्या वर्षांना तू एका ओळीत गुंडाळलं आहेस. ही संघटना १९६० मध्ये निघाली आणि सैन्याचे इंजिनिअर तिथे प्रतिनियुक्तीवर जातात. डोंगरात रस्ता कापणं म्हणजे काय, दरड कोसळली की काय करायचं, हे त्यांनी तुला सांगितलेलं असणार. तिथे तुझ्या लेखाला दोन पानंही कमी पडावीत.

हो, आणि 'निवृत्त मेजर' असं लिहू नकोस. हुद्दा आधी, मग नाव, आणि 'निवृत्त' शेवटी कंसात.

गावाचा भाग अवघड आहे, कारण त्याची पेटी नाही. नगरपालिकेच्या इतिवृत्तात त्यांचं नाव फारसं सापडणार नाही, कारण ते कुठल्याच समितीत टिकले नाहीत. म्हणून मिस्त्रींना भेट. शाळेच्या नव्या वर्गांच्या वेळी साहेब लेव्हलची पारदर्शक नळी घेऊन उभे असत, दुसरं टोक एखाद्या पोराच्या हातात. नळीत बुडबुडा दिसला की सगळं पाणी ओतून पुन्हा भरायला लावत, आणि पाणी पूर्ण थांबेपर्यंत कुणाला भिंतीवर खूण करू देत नसत. मिस्त्री वैतागत. त्या गच्चीवर आजही पावसाचं पाणी साचत नाही, जाऊन बघ. ओढ्यावरच्या फरशी पुलाशी पट्ट्यांचा खांब रंगवला तोही त्यांनीच. पाणी कुठल्या पट्टीला आलं की एसटी थांबवायची, हे ड्रायव्हरना त्यांनीच समजावलं.

ज्यांच्याशी त्यांचं भांडण झालं त्यांनाही विचार. एका ठेकेदाराचं बिल त्यांनी वाळूच्या प्रतीवरून अडवायला लावलं होतं. त्याचं म्हणणं ऐकून घे, नाव छापू नकोस. साहेब तोडून बोलत आणि त्यामुळे चांगली कामंही अडली, हे माझं मत. तुला पटलं तर लिही. त्यांचा राग गाळून लिहिलंस तर गावात कुणी ओळखणार नाही त्यांना.

शेवटची कविता काढ. छापायला देण्याआधी सगळा लेख काकूंना वाचून दाखव. त्यांनी एखादी गोष्ट नको म्हटली तर वाद घालू नकोस, पण तारीख चुकली म्हणाल्या तर कागद पुन्हा तपास. नवा मसुदा तयार झाला की पाठव. हाताने लिहिलास तरी चालेल, फक्त समास सोड, मला खुणा करायला जागा लागते.

तुझा,
सर